बाबांचं घट्ट झाकण

आमच्या घरी एखादा माणूस उपाशी झोपला असता तर बाबांनी समजून घेतलं असतं, पण डब्याचं झाकण उघडं राहिलं तर नाही. तिखटाचा डबा, मिठाची बरणी, सुकटीचं गाडगं, रॉकेलची कॅन, सगळ्यांची तोंडं बंद. सुकटीचं मी समजू शकते, घरात मांजर होती. पण पाण्याच्या माठावरचं झाकणसुद्धा ते असं दाबून बसवत की तहानलेल्या माणसानं आधी दोन्ही हातांनी झाकणाशी कुस्ती करावी आणि मग पाणी प्यावं. "वारा लागला का वस्तू गेली," असं ते म्हणत. कुठं गेली, हे विचारायची सोय नव्हती.

त्यांना तरी दोष कसा देऊ? गावानंच त्यांना चढवून ठेवलं होतं. अड्याळात तेव्हा घरोघरी बांबूच्या ढोल्या होत्या. माणसाच्या उंचीच्या, आतून-बाहेरून शेणमातीनं लिंपलेल्या, वर्षभराचं धान पोटात घेऊन बसलेल्या. धान भरलं की ढोलीचं तोंड लिंपून बंद करायचं. एवढीशी फट राहिली तरी दोन महिन्यांत काळे सोंडे, म्हणजे धान्य पोखरणारे किडे, चालत बाहेर येतात. बाबांनी तोंड लिंपलेल्या ढोलीत सोंडा पडत नाही, अशी त्यांची ख्याती. दिवसा शाळेत शिपाई, म्हणजे तिथेही दारं लावायचंच काम, आणि शाळा सुटली की लोकांच्या ढोल्या बंद करायला जात. अंगठ्यानं ते शेणमाती अशी दाबत, जणू फोड आलेल्या लेकराला मलम लावत आहेत. लोक हात जोडत. आता ज्या माणसाला लोक ढोलीसाठी हात जोडतात, तो माणूस घरात बायकोचं कायले ऐकन?

माझी माय मात्र ऐकवत नव्हती, करून मोकळी होत होती. जवसाच्या तेलाचा पंधरा किलोचा पिपा यायचा, तेव्हा बाबा खिळ्यानं त्याला एकच भोक पाडत. एक म्हणजे एक. मग ते तेल भांड्यात पडायचं थांबत थांबत, गटक, गटक, जसा कोणी हुंदके देऊन रडतो. निम्मं तेल भांड्यात, निम्मं पिप्याच्या पाठीवरून खाली. बाबा शाळेत गेले की माय पाट्याचा वरवंटा आणि खिळा घेऊन दुसऱ्या कोपऱ्याला आणखी एक भोक पाडे आणि त्यात कापडाची बोळी खुपसून ठेवे. तेल काढताना बोळी काढायची, तेल कसं एका धारेनं येतं, पुन्हा बोळी आत. मी चौथीत असताना तिनं मला हे पहिल्यांदा दाखवलं. "तेल जाते तिकून वारा आत याले पायजे ना वो. नाई तं तेल तरी कसं याचं?" आणि मग खालच्या आवाजात, "तुया बापाले नोको सांगू. त्याच्या जीवाले लागन." आम्ही दोघींनी ते इतकी वर्षं जपलं.

अशा घरात मोटारसायकल आली. भंडारा जिल्हा तुटून दोन उन्हाळे झाले होते. गोंदियावाले आपला अर्धा भाग घेऊन वेगळे झाले, पण ऊन सगळंच्या सगळं आमच्याकडं ठेवून गेले, असं माझं मत आहे. शाळेतले एक गुरुजी रिटायर होऊन मुलाकडं चालले होते, त्यांची जुनी गाडी बाबांनी घेतली. लाल टाकी, त्यावर मधोमध किल्लीनं उघडायचं झाकण. विहाराच्या ओट्यावर बसणाऱ्या मंडळींनी तिला हार घातला. माय म्हणाली, "आता हिलेबी झाकून ठेवान का?" ती थट्टा करत होती. बाबा ती सूचना समजले.

आमच्याकडं उन्हाळ्यात गाडीच्या टाकीवर ओला दुपट्टा टाकायची पद्धत आहे, अजूनही आहे. मे महिन्यात टाकीला हात लावा, आयते घालता येतील. आयते म्हणजे तांदळाच्या पिठाची आमची धिरडी, तव्यावर घालतो, टाकीवर नाही, पण घालता येतील. तर बाबा दुपट्टा ओला करून टाकीवर टाकत, तो अर्ध्या तासात पापडासारखा वाळे, पुन्हा ओला करत. तरी पडवीत पेट्रोलचा वास यायचा. वास म्हणजे वस्तू चालली. दोन दिवस बाबा नाक घेऊन गाडीभोवती फिरले, आणि तिसऱ्या दिवशी त्यांना झाकणात सुईच्या टोकाएवढं भोक सापडलं.

"पाय," त्यांनी मायला बोलावून दाखवलं. "एवढी मोठी कंपनी. भोक बुजवाले इसरली."

इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर माझी दहावी झाली तेव्हाही पाहिला नाही. कपडे धुवायच्या साबणाची वडी आणली, चिमूटभर साबण अंगठ्यानं मळला, आणि ढोलीचं तोंड लिंपावं तसा त्या भोकात दाबून बसवला. साबण पेट्रोलात विरघळत नाही, हे त्यांना माहीत होतं. अर्धी माहिती त्यांच्याकडं नेहमी पक्की असायची. वरून सायकलच्या ट्यूबची एक चकती कापून झाकणाखाली घातली. झाकण लावलं. वास बंद. बाबा दोन पावलं मागं सरकून गाडीकडं पाहत उभे राहिले.

दुसऱ्या दिवसापासून गाडी चार किलोमीटर चालायची आणि बंद पडायची. दहा मिनिटं थांबलं की सुरू. पुन्हा तीन-चार किलोमीटर, पुन्हा बंद. बाबांनी तिला मिस्त्रीकडं नेलं. मिस्त्रीनं आधी झाकण उघडून पेट्रोल आहे का पाहिलं, लावलं, किक मारली, गावाला एक चक्कर मारून आला. गाडी एकदम शहाणी. "काई नाई काका, कचरा आला असन." कचरा काढला. घरी येईस्तोवर ठीक, दुसऱ्या दिवशी शेतावर जाताना पुन्हा तेच. पुन्हा मिस्त्री, पुन्हा झाकण उघडून आत डोकावणं, पुन्हा गाडी शहाणी. प्लग बदलला. कार्बोरेटर धुतला. एकदा त्यानं गाडीशी बोलूनही पाहिलं. माझ्या नोकरीत मी असे पुष्कळ पेशंट पाहिले, घरी तळमळतात आणि दवाखान्याची पायरी चढली की उठून बसतात. पण मिस्त्रीनं काय किंवा बाबांनी काय, झाकण उघडल्यावरच ती बरी होते, हे लक्षात घ्यायची तसदी घेतली नाही. बाबांचं निदान झालं होतं: "हिले ऊन सहन नाई होत. नाजूक हाये." उपाय म्हणजे दुपट्टा आणखी ओला. तेव्हा कोणाला माहीत, गरम टाकी वरून थंड केली की आतली वाफ आखडते आणि टाकी पेट्रोल उलट जास्तच आत ओढून धरते. आमच्या घरी रोग आणि औषध एकाच हातानं देत.

आता माझं सांगते. मी नववीत असताना माय तापानं महिनाभर पडली, तेव्हा शाळेतून मला काढलं आणि चुलीपुढं बसवलं. माय उठली, पण मी चुलीपुढंच राहिले, कारण मला उठवायचं कोणाला आठवलं नाही. मग जुन्या पुस्तकांवर, दुकानातल्या पुड्यांच्या कागदांवर, जे मिळेल ते वाचत मी घरी बसून बाहेरून दहावी दिली. गणितात एकदा गोता खाल्ला, दुसऱ्यांदा निघाले. आणि नर्सच्या ट्रेनिंगसाठी अर्ज केला. बाबांनी सही केली, पण अट घातली. लाखनीचं एक स्थळ आलं होतं, हायवेवर टायरचं दुकान. यंदा यादीत नाव लागलं तर ट्रेनिंग, नाही तर टायर. मुलगा वाईट नव्हता. पाहायला आला तेव्हा माझ्याकडं एकदा आणि आमच्या गाडीच्या मागच्या चाकाकडं चारदा पाहून गेला, एवढंच.

पत्र आलं. भंडाऱ्याला अकरा वाजता हजर राहायचं, मूळ कागद सोबत, नाव पुकारलं तेव्हा उमेदवार नसेल तर संधी पुढच्याला. मी म्हटलं, नऊच्या एसटीनं जाते. बाबा जेवता जेवता थांबले.

"घरी गाडी असून एसटीनं? लोक का म्हनतीन?"

"लोक म्हनतीन पोरगी टाईमावर पोचली," माय म्हणाली.

"मी नेतो तिले. दुपट्टा ओला करून घेऊ. पाच लिटर पानी संग घेऊ."

माझे कागदही त्यांनीच बांधले. मार्कलिस्ट, दाखले, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिचं तोंड मेणबत्तीवर वितळवून चिकटवलं. मग ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, तीही चिकटवली. "आता पुरात पडली तरी काई होत नाई," म्हणाले. मे महिन्यात.

साडेआठला निघालो. मायनं आयते आणि जवसाची चटणी खाऊ घातली, पदराला पिन लावून दिली, आणि दारातून गाडीकडं अशी पाहत राहिली जशी मी गाडीवर नाही, गाडीखाली जात आहे. मी पाण्याची कॅन मांडीवर धरून मागं बसले. कालव्याचा पूल ओलांडला आणि गाडी आचके देऊन थांबली. बाबा खाली उतरले. चोक ओढला. गाडी एका अंगावर झुकवली. टाकीशी कान नेऊन ती वाजवली. "गरम झाली. टाक पानी." मी दुपट्ट्यावर पाणी टाकलं. दहा मिनिटं आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला त्या ओल्या दुपट्ट्याकडं पाहत उभे. मग सुरू झाली. पुढं एका गावाच्या फाट्यावर दुसऱ्यांदा. तिथं नऊची एसटी आमच्या बाजूनं गेली. मी हात केला, पण थांबा नव्हता. खिडकीतून ओळखीच्या एका बाईनं हात हलवला. बाबांनीही हलवला, जसं काही आम्ही तिला पोचवायला आलो आहोत.

तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा पावणेदहा झाले होते. जवळ झाड नव्हतं. धानाच्या रिकाम्या बांध्यांवरून येणारी झळ तोंडावर बसत होती. माझ्या डोळ्यांपुढं टायर यायला लागले. एकावर एक रचलेले.

"टाक पानी."

मी रागानं कॅन पूर्ण उलटी केली. पाणी गटक, गटक करून पडू लागलं, थांबत थांबत, अर्धं माझ्या साडीवर. "हळू टाक ना वो, वाकडी धर," बाबा म्हणाले. वाकडी धरली. कॅनच्या तोंडात वरून हवा शिरली आणि पाणी गपचूप एका धारेनं पडायला लागलं. मी त्या धारेकडं पाहत राहिले. दुपट्टा भिजून पाणी रस्त्यावर वाहू लागलं तरी पाहत राहिले. मला आमच्या कोठीतला तेलाचा पिपा दिसत होता आणि मायच्या हातातली बोळी.

"बाबा, झाकण उघडा."

"कायचं?"

"टाकीचं."

"एवढ्या उन्हात? सारं उडून जाईन."

"उघडा तं खरं. आतलं पेट्रोल उतरते, पन त्याच्या जागी वारा जाले जागा नाई. म्हनून ते अडते. तेलाच्या पिप्यासारखं."

"पिप्याचं तेल तं बराबर निंगते."

आता सांगावं की नाही? अकरा वर्षांचं गुपित होतं. पण टायर जवळ येत होते.

"निंगते, कारन मायनं त्याले दुसरं भोक पाडलं हाये. बोळी लावून ठेवते."

बाबांनी माझ्या हातून कॅन घेतली आणि तिचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाले, "कोनत्या पिप्याले?"

"सगळ्याच."

"कधीपासून?"

"मी चवथीत होती तवापासून. आंधीचं मले मालूम नाई."

त्यांनी किल्ली लावून झाकण फिरवलं. टाकीनं असा लांब श्वास आत ओढला, सूंऽऽ करून, की मी एक पाऊल मागं सरकले. एका किकमध्ये गाडी सुरू. मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं.

"पाय," बाबा म्हणाले, "थंडी झाली."

आणि झाकण पुन्हा दाबून बसवलं, ट्यूबच्या चकतीसकट. बापाशी किती बोलायचं, याचं एक माप होतं तेव्हा, आणि ते मी त्या दिवसापुरतं वापरून बसले होते. तीन किलोमीटरवर गाडी थांबली.

या वेळी मी विचारलं नाही. उतरले, त्यांच्या हातून किल्ली घेतली, झाकण काढलं, चकती ओढून बांधीत फेकली, पदराची पिन काढली आणि भोकातला साबण कोरायला लागले. साबण दगडासारखा झाला होता. बाबा बाजूला उभे राहून पाहत होते, जसं कोणी त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांनी लिंपलेली ढोली फोडत आहे. साबणाचा शेवटचा तुकडा निघाला, मी झाकण उजेडाकडं धरलं, आणि भोकातून आभाळाचा एक ठिपका दिसला.

"म्हनजे कंपनीनं ते मुद्दाम ठेवलं व्हतं?" बाबांनी विचारलं.

"हो."

"मंग लिहून काहून नाई ठेवलं?"

गाडी तिथून जी निघाली ती भंडाऱ्यातच थांबली. वाटेत बाबांनी एकदा मान मागं वळवून विचारलं, "सगळ्याच पिप्याले?"

पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. सात नावं पुकारून झाली होती, माझं अकरावं. पदर सुटलेला, हाताला पेट्रोलचा वास, साडी गुडघ्यापर्यंत ओली. नाव आलं, मी आत गेले आणि टेबलावर ते प्लास्टिकचं गाठोडं ठेवलं. टेबलामागं चष्मेवाल्या मॅडम होत्या. मी पिशवी फाडायला लागले, ती फाटेना. दातानं ओढलं, फाटेना. बाबांचं काम होतं ते.

"कोणी बांधलं हे?"

"बाबांनी, मॅडम."

"बाहेर आहेत का? मग त्यांनाच बोलवा."

मी नाही बोलावलं. तीच पिन काढली आणि दोन्ही पिशव्या चिरल्या. मॅडमना पेट्रोलचा वास आला असणार, त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं, साबण, चकती, तेलाचा पिपा. ट्रेनिंगला जायचं आहे की गॅरेजला, असं त्या म्हणतील वाटलं. त्या बाजूच्या सिस्टरकडं वळून म्हणाल्या, "सलाईनच्या बाटलीला वरून दुसरी सुई का टोचतात, हे दरवर्षी शिकवून शिकवून माझा घसा बसतो. हिला सांगावं लागणार नाही." तेव्हा मी सलाईनची बाटली जवळून पाहिलीही नव्हती. पुढं हजारो लावल्या. प्रत्येक वेळी हवेची सुई टोचताना वरवंट्याचा आवाज ऐकू यायचा.

यादीत नाव लागलं. टायरवाल्यांना निरोप गेला. त्यांना फार दुःख झालं नसावं, कारण त्यांनी लगेच निरोप पाठवून गाडीचं मागचं चाक बदलायचं असेल तर सांगा म्हटलं.

त्या दिवशी घरी आल्यावर बाबा जोडे न काढता कोठीत गेले. माय चुलीशी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी जमिनीकडं. आतून बोळी काढल्याचा बारीक आवाज आला, मग तेलाची धार, मग पुन्हा बोळी. बाबा बाहेर येऊन माठावरचं झाकण काढून पाणी प्याले. "कापूस घालत जा," मायला म्हणाले. "कापडाले मुंग्या लागतेत." त्या घरात माफीनामा तेवढ्या लांबीचाच निघत असे.

महिनाभरानं मी भंडाऱ्याला राहायला निघाले. तिथं खोलीवर स्वतः रांधायचं होतं, म्हणून बाबांनी तांदळाचा डबा भरून दिला. आमच्याच शेतातला, निवडलेला, कडुलिंबाचा पाला घातलेला. झाकण लावलं, मग खिळा घेतला आणि झाकणाला मोजून चार भोकं पाडली. माय काही बोलायला गेली, पण तिनं बाबांचा चेहरा पाहिला आणि चुलीकडं वळली. आयुष्यभराचं मत त्या माणसानं माझ्यासाठी खिळ्यानं फोडलं होतं. "आता गुदमरनार नाई," ते म्हणाले. तांदूळ गुदमरत नाही, हे त्यांना कोण सांगणार? जिल्ह्यात ज्याला ही गोष्ट सर्वांत चांगली माहीत होती, तोच हे बोलत होता.

पंधरा दिवसांत डब्यात सोंडे पडले. चार भोकांतून येऊन ते आत संसार थाटून बसले. मी दर रविवारी गच्चीवर जुनी साडी पसरून तांदूळ वाळवायची, सोंडे वेचायची, पाखडायची आणि पुन्हा त्याच डब्यात भरायची. भोकं बुजवायला खोलीवर साबणाची वडी होती. ती मी वापरली नाही. बाबांना पत्रात लिहायची, तांदूळ एकदम चांगला आहे, पुढच्या वेळीही असाच डबा द्या. आणि ते देत गेले, भोकं पाडून, ट्रेनिंग संपेपर्यंत.